धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सायकलीत हवा भरताना पंप तापतो, तेच इथलं तत्त्व. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत सोडला की तो आपोआप पेट घेतो.

रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३च्या ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब मोजणारं यंत्र फुटलं. पुढच्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या ताकदीवर जेमतेम मिनिटभर चाललं. १८९७ मध्ये मात्र त्याने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावली. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मंही जमत नव्हतं.

मधल्या वर्षांतली मोठी डोकेदुखी होती फवारा. इतक्या दाबाच्या हवेत नेमक्या क्षणी, नेमकं इंधन घुसवायचं कसं? डिझेलने ते आणखी जास्त दाबाच्या हवेने आत ढकललं, पण त्यासाठी जोडीला अवजड कॉम्प्रेसर लागे. ट्रकमध्ये मावेल असा इंधनपंप बॉशने १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. ते पाहायला डिझेल नव्हता. कर्जात बुडालेला हा माणूस १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला.

१९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली. वीज नसलेल्या विहिरींवर डिझेल इंजिनं पाणी उपसू लागली. हंगामात इंजिन बंद पडलं तर उभं पीक धोक्यात. मग दोष शोधायचा कसा?

आपण कोडमधला बग शोधताना लॉग वाचतो. इथे धूर वाचायचा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. बहुधा रिंगा झिजल्या. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय; दाब कमी किंवा फवाऱ्याची वेळ चुकलेली. सोबत रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासा. हँडल मारूनही धूरच नाही, तर डिझेल आत पोचतच नाहीये. टाकी पूर्ण रिकामी झाली होती का? मग लाइनने एअर धरली असेल, ती काढावी लागेल.

यातले निम्मे दोष पुन्हा इंधनाच्या वाटेवरच सापडतात. आउग्सबुर्गला ज्याने वर्षं खाल्ली, तो फवारा आजही मेकॅनिकला कामाला लावतो.