डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं कूळ

मोटारीच्या डॅशबोर्डवर आधी काटे आले, दिवे मागाहून. ऑइलचा दाब, डायनॅमोचा करंट, पाण्याचं तापमान, सगळं काट्यावर वाचायचं. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीनं ऑइल आणि डायनॅमोचे काटे काढून तिथे इशाऱ्याचे दिवे बसवले. काट्याकडे कोणी बघेलच असं नाही, पण लाल दिवा डोळ्यांत भरतो. शिवाय काट्यापेक्षा बल्ब स्वस्त! काटे वाचणाऱ्या मंडळींनी त्याला ‘इडियट लाइट’ म्हणून हिणवलं, तरी दिवा टिकला.

या लाल दिव्यांची रचना मात्र हिणवण्यासारखी नाही. ऑइलच्या दिव्यामागे इंजिनावर बसवलेला एक स्विच असतो. दाब फारच उतरला की तो सर्किट अर्थिंगला जोडतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत उशीर झालेलाच असतो, म्हणून गाडी तिथल्या तिथे बंद करायची. ऑइलची पातळी ठीक असेल, तर स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचं आणि खरा दाब मोजायचा. नुसता स्विच बदलून बघणं हा इंजिनाशी खेळलेला जुगार आहे.

बॅटरीचा दिवा त्याहून हुशार. त्याचं एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला, दुसरं अल्टरनेटरला. अल्टरनेटर नीट चालू लागला की दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखं होतं, करंट वाहायचा थांबतो आणि दिवा विझतो. सुरुवातीला अल्टरनेटरला जागं करणारा करंटही बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बातून जातो. अशा गाडीत बल्ब उडाला, की अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरू होत नाही. किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागतो का, हे म्हणूनच आधी बघायचं.

पिवळ्या इंजिन लाइटचं घराणं वेगळं. तो जन्मला लॉस एंजेलिसच्या धुरक्यात. अननसाच्या स्वादावर काम करणारे कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950च्या सुमारास दाखवून दिलं, की डोळे चुरचुरवणारं हे धुरकं मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतं. पुढे कायदे आले, 1975 पासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला आणि पेट्रोल-हवेचं माप अचूक ठेवायला कॉम्प्युटर लागला. त्या कॉम्प्युटरची कुरबुर कळवणारा हा दिवा. जनरल मोटर्सनं 1981 मध्ये तो आपल्या अमेरिकी पेट्रोल गाड्यांत सरसकट दिला. बिघाडाचा कोड वाचायला डॅशबोर्डखालच्या कनेक्टरची दोन ठरावीक टोकं पेपरक्लिपनं जोडायची, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवायची आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे 12: कॉम्प्युटर जागा आहे. त्यानंतर 13 आला, तर ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट तपासायचं. स्कॅनरवाचून चालणारी ही पद्धत मला आजही भारी वाटते.

पण प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे. कॅलिफोर्नियानं 1988च्या मॉडेलपासून गाडीनं स्वतःची तपासणी करण्याची सक्ती केली. 1996च्या मॉडेलपासून अमेरिकाभर एकच सोळा पिनांचा सॉकेट आणि एकच कोड-भाषा आली, ती ओबीडी-टू (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्सची दुसरी पिढी). धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होण्याच्या बेताला दिवा लागावा, असा तिचा मूळ हिशेब. म्हणूनच कधीकधी गाडी मख्खन चालते आणि दिवा तरी जळत राहतो. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र इंजिन मिसफायर होतंय आणि न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टर भाजून काढतंय. तेव्हा पाय हलका करायचा.

कोड म्हणजे निदान नव्हे, हे काही गॅरेजांत अजून पटलेलं नाही. पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. फाटलेली व्हॅक्यूम नळी, थकलेला पंप, मळलेला एअरफ्लो सेन्सर, दोषी कोणीही असू शकतो. बिलावर मात्र बऱ्याचदा ऑक्सिजन सेन्सर लागतो.

भारतात ओबीडी-टू सक्तीची झाली एप्रिल 2013 पासून. त्याआधीच्या एमपीएफआय (मल्टि-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) गाड्यांत पिवळा दिवा असतो, पण स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा तिथे मुका होतो. त्या कंपनीचा स्कॅनर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठावा लागतो. आणि जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा लागलाच नाही, तर खूश होऊ नका. कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.