शेजारच्या ताऱ्यांमधला वायू

१९०४ साली पॉट्सडॅमच्या वेधशाळेत योहानेस हार्टमान मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणातला एक तारा तपासत होते. ही एकमेकांभोवती फिरणारी जोडी असल्याने तिच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकत. कॅल्शियमची एक बारीक रेषा मात्र त्यांच्याबरोबर हलेना. ती ताऱ्यांची नव्हतीच, वाटेतल्या वायूची होती. या पुस्तकाचा विषय तिथे सुरू होतो.

दृश्य प्रकाशात अशा रेषा मोजक्याच. हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह यांच्या ठळक रेषा अतिनील भागात पडतात, आणि तो प्रकाश आपलं वातावरण वरच अडवतं. म्हणून लायमन स्पिट्झर यांनी १९४६ सालीच अवकाशातल्या दुर्बिणीची कल्पना मांडली. १९७२ साली त्यांच्याच गटाची दुर्बीण घेऊन कोपर्निकस उपग्रह वर गेला आणि या अभ्यासाला खरी गती आली. पुढे हबलने रेषांचे बारकावे दाखवले.

नव्या विद्यार्थ्याला वाटतं, वायू पाहायचा तर तो भरपूर असेल तिकडे बघावं. इथे उलट आहे. दूरच्या ताऱ्याच्या वाटेत अनेक ढग येतात, त्यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. जवळच्या ताऱ्याच्या वाटेत एखाददुसराच ढग असतो, म्हणून त्याची रेषा स्वच्छ वाचता येते. माझ्या मते या विषयाची सगळी श्रीमंती या विरळपणात आहे.

सुमारे ४३ प्रकाशवर्षांवरचा ब्रह्महृदय घ्या. १२१६ अँगस्ट्रॉमजवळ हायड्रोजन या ताऱ्याच्या प्रकाशाचा मोठा घास घेतो. त्याच्या डाव्या अंगाला, अवघ्या ०.३३ अँगस्ट्रॉमवर, ड्युटेरियमची चिमुकली खाच दिसते. वाटेत वायू जास्त असता, तर हायड्रोजनच्या रुंद रेषेने ती गिळून टाकली असती. त्या खाचेवरून लाखभर हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरियमचे जेमतेम दीड अणू निघतात. ड्युटेरियम विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत घडलं. तारे ते फक्त जाळतात. शेजारच्या वायूतली ही मोजणी थेट विश्वारंभाच्या हिशेबात जमा होते!

रेषेची रुंदीही बोलते. उष्णतेने हलके अणू जोरात धावतात, जड अणू कमी; वायूतली खळबळ मात्र सगळ्यांना सारखीच हलवते. त्यामुळे ड्युटेरियमची रेषा लोहाच्या रेषेशेजारी ठेवली की तापमान आणि खळबळ वेगवेगळी काढता येतात. सूर्याभोवतालच्या वायूचं तापमान असं सुमारे ७००० केल्विन भरतं. तरी तो इतका विरळ, की एका घनसेंटिमीटरला हायड्रोजनचे उदासीन अणू ०.२ च्या आसपास. त्यातून सूर्य सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर वेगाने चालला आहे.

मित्र ताऱ्याच्या वर्णपटाने तर अभ्यासकांना चकवलंच. ड्युटेरियमवरून अपेक्षित होतं त्याहून हायड्रोजनचं शोषण जास्त निघालं. १९९६ साली उलगडा झाला: सौरवारा आणि बाहेरचा वायू भिडतात तिथे तापलेल्या हायड्रोजनची भिंत साचते, आणि तिच्यातून आपण बाहेर बघतो. अशाच भिंती इतर ताऱ्यांभोवतीही सापडल्या. सूर्यासारख्या ताऱ्यांचा क्षीण वारा एरवी दिसतच नाही. तो मोजण्याची वाट यातून निघाली.

हबलची जुनी निरीक्षणं आज कुणालाही मोफत मिळतात. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ब्रह्महृदयाचा वर्णपट उतरवून घ्या आणि ती डावीकडची खाच स्वतः शोधा.