कंपोस्ट पेटीतील मुंग्या

घरगुती किंवा बागेतील कंपोस्ट पेटीत मुंग्यांचा वावर असणे, अथवा त्यांनी तेथे वसाहत करणे, ही ओल्या कचऱ्यापासून खत तयार करताना वारंवार उद्भवणारी अडचण आहे. मुंग्या खताची नासाडी करत नाहीत. त्यांची उपस्थिती हे बहुधा पेटीतील मिश्रण कोरडे पडल्याचे किंवा गोड व तेलकट अन्न उघडे राहिल्याचे लक्षण असते. गांडूळ खताच्या वाफ्यात मात्र त्या प्रत्यक्ष हानी करू शकतात.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला व सुका कचरा उगमापाशीच वेगळा करणे आवश्यक ठरले. महाराष्ट्रातील शहरांत गच्ची, बाल्कनी व गृहनिर्माण संस्थांच्या आवारात अशा पेट्या आढळतात. मुंग्या घरात शिरतील या भीतीने चांगली चाललेली पेटी बंद करण्याचे प्रकारही घडतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

कारणे

सूक्ष्मजीवांना कचरा कुजवण्यासाठी साधारणपणे ५० ते ६० टक्के ओलावा लागतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघावा, ही त्याची सोपी परीक्षा होय. ओलावा घटला की कुजणे मंदावते, अन्न तसेच राहते आणि भुसभुशीत, कोरडी जागा मुंग्यांना वसाहतीसाठी सोयीची ठरते. कोकोपीट, भुसा किंवा वाळलेला पाला गरजेपेक्षा जास्त घातल्यानेही असे होते. आंब्याच्या साली व कोयी, केळीची साल, उसाचे चिपाड, चहाचा गोड चोथा हे पदार्थ वरच राहिल्यास मुंग्यांची रांग लगेच लागते.

जोमाने कुजणाऱ्या मोठ्या ढिगाच्या मध्यभागी तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर जाते. तेथे मुंग्या टिकत नाहीत. बाल्कनीतील लहान पेटीत एवढी उष्णता साठत नाही, म्हणून तिच्यात हा त्रास अधिक जाणवतो.

पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या मुंग्यांचे कारण वेगळे असते. जमिनीतील बिळांत पाणी शिरल्याने त्या अंडी व अळ्या घेऊन उंच, कोरड्या जागी स्थलांतर करतात आणि झाकलेली पेटी त्यांना आयती सापडते. अशा वेळी पेटीतील ओलावा योग्य असूनही त्या दिसू शकतात.

वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हटले जात असले तरी ती मुंगी नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळांशी आहे. ती लाकूड, पुठ्ठा यांतील सेल्युलोज खाते. मातीवर ठेवलेल्या लाकडी पेटीत ती शिरल्यास प्रथम पेटी जमिनीपासून उचलून घ्यावी लागते.

परिणाम

मुंग्यांच्या बोगद्यांतून मिश्रणात हवा खेळते. अनेक जातींच्या मुंग्या माश्यांची अंडी व अळ्याही खातात. उपद्रव होतो तो पेटीबाहेर. मधुरसासाठी मुंग्या मावा व पिठ्या ढेकूण या रसशोषक किडींचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात; त्यामुळे पेटीशेजारच्या जास्वंदीसारख्या झाडांवर या किडी वाढू शकतात. काही तांबड्या मुंग्यांचा दंश फार झोंबतो आणि क्वचित तीव्र ॲलर्जी होते. दंशानंतर श्वास लागणे, चेहरा सुजणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय मदत आवश्यक असते.

उपाय

मुख्य उपाय म्हणजे पाणी शिंपडून मिश्रण तळापासून वरखाली करणे. एकदा हलवून भागत नाही. काही दिवस हे सलग केल्यास वसाहत मोडते आणि मुंग्या अंड्यांसह निघून जातात. नवा कचरा बारीक करून मिश्रणात पुरावा व वर तयार खताचा किंवा पाल्याचा थर द्यावा. पाणी मुठीच्या परीक्षेपुरतेच असावे, कारण अतिरिक्त ओलाव्याने हवा कोंडते व दुर्गंधी सुटते.

अन्नाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी घरगुती रीत पेटीलाही लागू पडते. पेटी भिंतीला किंवा झाडाच्या फांदीला टेकलेली असल्यास तिचा उपयोग होत नाही. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंडी घालतात, म्हणून वाट्या आठवड्यातून एकदा तरी घासून पाणी बदलणे अनिवार्य आहे.

हळद, तिखट किंवा कापूर यांमुळे मुंग्यांची वाट तात्पुरती बदलते, वसाहत हटत नाही. चुना जास्त पडल्यास सामू वाढून खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. उकळते पाणी मुंग्यांसह उपयुक्त जीवही मारते. मुंग्यांच्या खडूत सामान्यतः पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक असते. ते खतात मिसळू देऊ नये. बोरिक आम्ल साखरेच्या पाकात सुमारे १ टक्का प्रमाणात मिसळून केलेले आमिष कामकरी मुंग्या राणीपर्यंत नेतात. ते पेटीबाहेर, मुले व पाळीव प्राणी यांच्या आवाक्याबाहेरच ठेवावे लागते; खतात बोरॉन जास्त झाल्यास झाडांना विषबाधा होते.

गांडूळ खत

आयसेनिया फेटिडा व युड्रिलस युजेनी ही खतासाठी पाळली जाणारी गांडुळे व त्यांचे कोष शिकारी मुंग्यांना बळी पडतात. वाफा खोलवर उलथल्यास गांडुळांना इजा होते. त्यामुळे येथे प्रतिबंधावर भर असतो: वाफ्याभोवती पाण्याची चारी, वर ओले गोणपाट आणि नियमित हलके पाणी. मुंग्या आत आल्याच, तर त्यांची वसाहत असलेला भाग खुरप्याने उचलून वाफ्यापासून दूर नेतात.

तयार खत

तयार खत कुंडीत घालण्यापूर्वी गोणपाटावर पातळ पसरून चाळल्यास उरलेल्या मुंग्या बाहेर पडतात. हे काम हातमोजे घालून करावे. मुंग्या वावरलेले खत झाडांसाठी सुरक्षित असते. त्यात सापडणारी मातीची बारीक ढेकळे मुंग्यांनी आणलेली असू शकतात.