१९४७ चा एक ‘तात्पुरता’ कायदा

स्मरणिकेसाठी ‘जुन्या मुंबईवर काहीतरी द्या’ असं समितीने सांगितलं, तेव्हा मला आठवली ती आईची भाडेपावत्यांची चळत. म्हणून हा विषय.

१९४७ सालचं मुंबई प्रांताचं कायदेमंडळ म्हणजे कामाचा नुसता धडाका होता. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत), सभापती अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया. त्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले होते. हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा त्याच वर्षीचा. हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याचा हक्कही इथे तेव्हाच मिळाला, केंद्राच्या हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षं आधी. गावी दोन गुंठे विकायला गेलेल्यांना ‘तुकडेबंदी’ हा शब्द चांगलाच माहीत असेल. तीही त्याच वर्षीची!

पण आम्हा चाळकऱ्यांच्या आयुष्यात शिरला तो भाडे नियंत्रण कायदा. महायुद्धाने मुंबईत गर्दी वाढली होती, जागा मिळत नव्हती. कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं, आणि मालकाला वाटेल तेव्हा भाडेकरूला बाहेर काढता येईना. पागडी घेणं गुन्हा ठरलं. (घेणारे घेतच राहिले, हे वेगळं सांगायला नको.) १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो लागू झाला, ठरावीक मुदतीपुरता. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत करत त्याने अर्धं शतक काढलं.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. तेरावा व्हायच्या आत मालकाचा माणूस दारात. खोली वडिलांच्या नावावर, तेव्हा आता रिकामी करा म्हणाला. शेजारच्या वकीलकाकांनी समजावलं, भाडेकरू वारला तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबाला हक्क आहे. पुढे मालक भाडं घेईना. आई दर महिन्याला चौदा रुपये मनीऑर्डरने पाठवायची आणि परत आली की तिची पावतीही जपून ठेवायची. त्या कायद्याने आमचं छप्पर वाचवलं, हे मी विसरणार नाही.

तरी भाडेकरूचा मुलगा असूनही म्हणतो, चौदा रुपयांत मालक गिलावा तरी कुठून करणार? गॅलरीला टेकू लागले, जिन्याच्या पायऱ्या झिजल्या. चाळींची अवस्था पाहून सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी निराळा कायदा करावा लागला. शेवटी १९९७ साली सुप्रीम कोर्टानेही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असं सांगितलं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून आला, आणि गंमत म्हणजे त्यात पागडीला मान्यता मिळाली.

आपली सोसायटी नोंदली गेली ती त्याच वर्षी. गिरगावची खोली सोडून आम्ही इथे आलो. पहिलं मेंटेनन्सचं बिल आलं तेव्हा आईने चष्मा लावून ते नीट वाचलं. “मालक कोण रे इथला?” तिने विचारलं. म्हटलं, “आपणच.” तिचा विश्वास बसला नसावा. पैसे भरल्याची पावती तिने घेतली आणि जुन्या चळतीत, मनीऑर्डरच्या पावत्यांवर ठेवून दिली.