घरी सांगण्याचे धैर्य

औरादच्या बाजारात थोडा वेळ उभे राहिले की एकाच माणसाच्या तोंडून तीन भाषा ऐकू येतात. कचेरीत कन्नड, दुकानात दखनी आणि घरी आले की मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पाट्या बदलल्या, शाळेची पुस्तके बदलली, चुलीपाशी चालणारी बोली मात्र तीच राहिली. दोन भाषांत जगण्याची आपल्याला सवय आहे. त्याचे कौतुकही आपण करतो.

पण दोन जगांत जगणे नेहमीच असे सोपे नसते. आपल्या भागात मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे थोडी आहेत. त्यांतला एखादा मुलगा कॉलेजात जाऊ लागला, की त्याच्यापुढे काही साधे प्रश्न उभे राहतात. मित्र अमरेश्वराच्या जत्रेला बोलावतात, तेव्हा काय सांगावे? शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला प्रसाद हातात पडला, तर काय करावे? चारचौघांत कोणी कुलस्वामी विचारला, तर खरे सांगावे की विषय बदलावा? धर्मग्रंथांतले मोठे वाद त्याला छळत नाहीत. छळतात ते हे लहान प्रसंग.

असाच एक तरुण पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच दुभाषी गावात वाढला होता. त्याचे नाव बाबा पदमनजी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीचा कर्ता म्हणून त्याचा उल्लेख येतो आणि तेवढ्यावरच संपतो. त्याच्या तरुणपणाची गोष्ट मात्र आजही वाचण्यासारखी आहे.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात, कासार समाजातल्या एका सुस्थितीतील घरात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० पासून सुरू होते. तिथल्या मिशन शाळेत मुलाने इंग्रजी शिकावे, नोकरीला लागावे, एवढीच घरच्यांची अपेक्षा. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईला गेले आणि फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. शाळेत बायबल, घरी देवपूजा, मित्रांत सुधारणेच्या गप्पा, असे तिहेरी आयुष्य सुरू झाले.

त्या काळची मुंबई या बाबतीत तापलेली होती. १८४३ साली नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याचा ताबा कोर्टाने वडिलांकडे दिला. पण मिशनच्या घरात जेवलेला मुलगा जातीत परत घ्यावा की नाही, यावर गावभर वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा मार्ग सुचवला, तर तोही अनेकांना रुचला नाही. एका मुलाच्या चार घासांनी एवढे वादळ उठत होते.

या वादळातून एक मधली वाट निघाली होती. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिचे एक प्रमुख. जातिभेद मानायचा नाही, सर्वांनी एकत्र जेवायचे. पण सारे दार लावून, गुपचूप. बाहेर पडले की प्रत्येकाने आपापल्या जातीच्या चालीने वागायचे. बाबा पदमनजीही या मंडळीत होते. तिच्याविषयी आज जी माहिती मिळते, तिचा एक आधार म्हणजे त्यांचेच आत्मचरित्र, ‘अरुणोदय’. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी मोडली.

या मंडळीला भेकड म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतून वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. शिक्षा एका माणसाला होत नसे. त्याच्या बहिणीचे लग्न अडे, आईला हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होई, वडिलांच्या मयताला खांदेकरी मिळत नसत. त्यामुळे तरुणाच्या मनात काय आहे याहून, ते त्याने उघड करू नये, याचीच घरच्यांना चिंता असे. ‘मनात काय हवे ते ठेव, पण बोलू नकोस’ ही विनवणी होती, आणि त्या विनवणीत प्रेमही होते.

बाबांनी पुष्कळ दिवस ही विनवणी पाळली. विश्वास बसला होता, तरी पाऊल उचलत नव्हते. अखेर १८५४ च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे वय होते २३. आणि घेतला तो मुंबईच्या गर्दीत नव्हे, तर बेळगावातच. जिथे हा कोणाचा मुलगा हे सारे गाव ओळखत होते.

गोष्ट इथे संपली असती, तर ती एका दिवसाच्या शौर्याची झाली असती. खरी कसोटी त्यानंतर लागली. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. पण घरच्या पंगतीतले पान कोणत्या कायद्याने राखणार? लहानपणीच लग्न झालेली पत्नी त्यांच्याकडे नांदायला आली नाही. तिची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. जो निर्णय तिला कोणी विचारला नाही, त्याची किंमत तिने द्यायची होती. अशा दांपत्यांसाठी कायदा झाला तो पुढे बारा वर्षांनी, १८६६ साली. त्यात दुसऱ्या जोडीदाराला न्यायाधीशासमोर विचारायचे, एक वर्ष थांबायचे आणि पुन्हा विचारायचे, अशी तरतूद होती. सरकारलाही कळले होते, की हे दुखणे एका दिवसात निकाली निघत नाही.

बाबा कडवट होऊन आपल्या माणसांपासून तुटले असते, तर नवल नव्हते. त्यांनी काय केले? १८५७ साली, बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विषय कोणता? तर हिंदू विधवांचे हाल, केशवपन, घराघरांतले मुके दुःख. ज्या समाजाने दार लावले होते, त्याच समाजातल्या बायकांची त्यांनी बाजू मांडली. पुस्तकात धर्मप्रचार आहे, तो लपवलेलाही नाही; पण त्यातला कळवळा खरा आहे. पुढे मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा आटोपशीर संक्षेप त्यांनी १८६३ साली सिद्ध केला. काही वर्षे पुण्यात ते मंडळीचे पाळक होते. १९०६ साली वारले, तोवर लेखणी खाली ठेवली नाही. ते ख्रिस्ती झाले, पण मराठी सोडून परके झाले नाहीत.

नारायण शेषाद्रि तर आपल्याच निजामी मुलखात आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवले आणि मांग-महार कुटुंबांना तिथे शेती, शाळा आणि उपासना यांचा आधार दिला. एका घासावरून जे घर फाटले, त्या घरातला मुलगा ज्यांच्या हातचे पाणीही चालत नसे, त्यांच्यात जाऊन राहिला.

आज औरादच्या मुलावर त्या काळासारखे बहिष्काराचे संकट सहसा येत नाही. बीदरच्या मंगलपेठेत मेथडिस्ट मंडळीचे देऊळ आहे. नाताळला शेजारी केक खायला येतात आणि दिवाळीला चकल्या-करंज्या उलट दिशेने जातात. तरी प्रसादाचा तो लहान प्रश्न उरतोच. त्याला एकच ठरीव उत्तर नाही, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून द्यायचे आहे. बाबांच्या आयुष्यातून एवढेच घेता येते, की जे मनात आहे ते काकूंना सरळ आणि गोड शब्दांत सांगावे. आणि सांगून झाले, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पाण्याची घागर उचलून द्यायला आधी आपणच जावे.

आणि काकूंच्या बाजूने? त्यांनी ते ऐकून घ्यावे, आणि पुढच्या दिवाळीला ताट पाठवताना हात आखडू नये. १८५४ साली बेळगावात जे जमले नाही, ते आपल्या गल्लीत जमायला काय हरकत आहे?