उर्दू शाळेतून मराठी वर्गात : भाषा, एकटेपणा आणि मार्कांचं ओझं कसं पेलायचं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अनेक गावांत उर्दू प्राथमिक शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच आहे. पुढे मूल मराठी किंवा सेमी-इंग्रजी वर्गात जातं. काहींवर ही वेळ दहावीनंतर, अकरावीच्या प्रवेशाला येते. जूनमध्ये नवा वर्ग, नवी भाषा, नवे चेहरे. सप्टेंबरपर्यंत चाचणीचे मार्क येतात आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं : 'पोरगं आधी हुशार होतं, आता काय झालं?'

आम्ही वर्गात बघतो ते असं. मूल आधी भाषेत अडतं. अडलं म्हणून गप्प बसतं. गप्प बसलं म्हणून दोस्त होत नाहीत. दोस्त नाहीत म्हणून शाळा नकोशी होते, आणि शेवटी मार्क पडतात. घरच्यांना फक्त शेवटची पायरी दिसते. मुलगी असेल तर याच पायरीवर 'आता बस झालं शिक्षण' असा निर्णयही होतो. म्हणून पहिल्या पायरीवरच लक्ष द्यायला हवं.

भाषेची अडचण : मूल 'ढ' नसतं

उर्दू माध्यमातल्या मुलाला त्रिकोण येत असतो, फक्त त्याच्यासाठी तो 'मुसल्लस' असतो. वर्गात 'त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा' म्हटलं की ते थांबतं. गणित येतं, शब्द येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे तीन रकान्यांची वही :

- मुसल्लस – त्रिकोण – ट्रँगल
- कसर – अपूर्णांक – फ्रॅक्शन
- रकबा – क्षेत्रफळ – एरिया
- तवानाई – ऊर्जा – एनर्जी
- खलिया – पेशी – सेल

रोज पाच शब्द लिहायचे. महिन्याला शंभरावर शब्द होतात. सुट्टीत पुढच्या इयत्तेचं मराठी पुस्तक आणून आधीच सुरुवात केली तर उत्तम. बालभारतीची पुस्तकं उर्दूतही असतात आणि मराठीतही. तोच धडा दोन्ही पुस्तकांत शेजारी ठेवून वाचला की अर्थ पटकन लागतो.

काही शब्द फसवतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे तालीम, मराठीत 'शिक्षा' म्हणजे सजा. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहावेत. पण मुलाला हेही सांगावं की मराठी काही परकी नाही. हजेरी, तारीख, दप्तर, दाखला, अर्ज, कागद, शाई हे शाळेतले रोजचे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत. आपलं नगर शहर तर निजामशाहीची राजधानी होतं. दरबार-दफ्तरातून असे कितीतरी शब्द इथल्या बोलीत मुरले. हे कळलं की मुलाची भीती निम्मी कमी होते.

वर्गातला एकटेपणा आणि चिडवणं

उच्चारावरून हसणं, नावावरून, टोपी-हिजाबवरून, डब्यावरून टोमणे मारणं, हे काही ठिकाणी होतं. लपवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक गोष्ट वैरातूनच होते असंही नाही. बऱ्याचदा मुलं घरी ऐकलेलं बोलतात. आधी पाहावं की ही एकदाची थट्टा आहे की रोजचा छळ.

एकदाची थट्टा असेल तर मुलाला शांतपणे 'मला हे आवडलं नाही' असं म्हणायला शिकवावं. रोजचं असेल तर पायऱ्या अशा : प्रथम वर्गशिक्षकांना भेटा. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख घाला आणि पोच घ्या. तरीही काही झालं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पालकच बहुसंख्य असतात. आपल्यापैकी किती पालक या समितीच्या सभेला जातात, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार शिक्षकाने मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं याला बंदी आहे.

मुलाने मात्र फक्त आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या बाकावर बसू नये. खेळ, स्काउट-गाईड, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन यांत भाग घ्यावा. भाषा पुस्तकापेक्षा मैदानावर लवकर येते. एक मराठी बोलणारा दोस्त दहा शिकवण्यांच्या बरोबरीचा असतो.

मनावरचा ताण : किल्ल्यातून एक धडा

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना अटक करून अहमदनगरच्या किल्ल्यात आणलं गेलं. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या. मौलाना इथे कैदेत होते, शेवटची भेटही झाली नाही. या काळात त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक, दिनचर्या : पहाटे उठणं, स्वतः चहा बनवणं, लिहायला बसणं. दुसरी, पत्रं : मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना ते लिहीत राहिले, जरी ती पत्रं तेव्हा पाठवता येत नव्हती. पुढे १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. वरून आपण शांत दिसत होतो तरी आतून किती हललो होतो, हेही त्यांनी त्यात लपवलेलं नाही.

शाळकरी मुलाचं दुःख त्या दुःखाएवढं नसेल, पण उपाय तोच आहे. वेळेवर झोपणं-उठणं, नमाज, खेळ, अभ्यास यांची घडी मोडू न देणं. आणि मनातलं बाहेर काढणं : अम्मीजवळ, आपाजवळ, उस्तादांजवळ, नाहीतर वहीत. एवढ्या मोठ्या आलिमाने मनाचा कमकुवतपणा लिहून ठेवला, तर आपल्या मुलाने 'मला भीती वाटते' म्हटल्यावर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पालकांनी या खुणा ओळखाव्यात : शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणं, झोप उडणं, जेवण कमी होणं, आवडता खेळ सोडणं, 'मी नसतो तर बरं' असं बोलणं. शेवटचं वाक्य ऐकलं तर थांबू नका, मुलाला एकटं सोडू नका. टेलि-मानस १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे. 'नजर लागली' म्हणून फक्त ताविजावर थांबू नये. दुआ करावी आणि डॉक्टरही गाठावा. आजार शरीराचा असो की मनाचा, इलाज करणं हा आपल्या दीनचाच रस्ता आहे.

अभ्यास, रमजान आणि निकाल

२०२४ आणि २०२५ मध्ये दहावीची परीक्षा आणि रमजान एकत्र आले. आमचा अनुभव असा की सहेरी-फजरनंतरचा दीड-दोन तासांचा वेळ पाठांतराला सर्वांत चांगला. तरावीहनंतर जागून अभ्यास नको, झोप मोडते. इफ्तारनंतर तळलेलं कमी आणि पाणी जास्त घ्यावं.

दहावीत मुख्य विषयांना ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत असतात. भाषेत कच्च्या मुलांसाठी हे २० गुण मोठा आधार आहेत. वह्या वेळेवर पूर्ण करा, तोंडी परीक्षेला गैरहजर राहू नका.

आठवीतल्या मुलांनी एनएमएमएस परीक्षा जरूर द्यावी. सरकारी, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतली मुलं पात्र असतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

आणि नापास झालं तर? वर्ष संपत नाही. पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच होते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबर फॉर्म आहे. निकालाच्या दिवशी पालकांनी हे आधी सांगावं, रागवायचं असेल तर नंतर.

शेवटी

आमच्या वर्गात एक मुलगी पहिले तीन महिने एकदाही हात वर करत नव्हती. तिच्या अब्बूंना बोलावलं तेव्हा कळलं, घरी ती सगळी उत्तरं उर्दूत सांगायची. आम्ही तिला वर्गातही उर्दूत उत्तर द्यायला सांगितलं, मराठी शब्द आम्ही पुरवले. दिवाळीपर्यंत ती स्वतःच मराठीत बोलू लागली. तिला हुशारी द्यावी लागली नाही, ती होतीच. फक्त थोडा वेळ आणि कुणीतरी विचारणारं हवं होतं.

आज रात्री जेवताना मुलाला मार्क विचारू नका. विचारा, 'आज वर्गात कुणाशी बोललास?' उत्तर 'कुणाशीच नाही' असं आलं, तर उद्या शाळेत जाऊन या.