बंगळुरूची संक्रांत : एळ्ळू-बेल्ला, अवरेकाळू आणि कौदी

दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारी रोजी महाराष्ट्रात तिळगूळ वाटला जातो. त्याच दिवशी बंगळुरू शहरात घरोघरी ‘एळ्ळू-बेल्ला’ वाटले जाते. कन्नड भाषेत ‘एळ्ळू’ म्हणजे तीळ आणि ‘बेल्ला’ म्हणजे गूळ. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ या मराठी वचनाशी जुळणारे ‘एळ्ळू-बेल्ला खाऊन चांगले बोला’ अशा अर्थाचे वचन कन्नडमध्येही आहे. सणाचा आशय एक असला, तरी बंगळुरूच्या घरांतील तयारीची रीत वेगळी आहे. या तयारीस खर्च थोडा आणि वेळ पुष्कळ लागतो.

मराठी भाषकांचा या शहराशी असलेला संबंध जुना आहे. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर जिंकून घेतले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. जुन्या पेठांच्या परिसरात अनेक पिढ्यांपासून मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांपैकी भावसार क्षत्रिय समाज परंपरेने कापडाची रंगाई, छपाई आणि शिवणकाम यांच्याशी जोडलेला आहे. नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनाही संक्रांतीच्या दिवशी शेजाऱ्यांकडून एळ्ळू-बेल्लाची पुडी मिळते आणि त्यांच्याकडून तिळाचे लाडू किंवा वड्या दिल्या जातात.

एळ्ळू-बेल्ला : पाच जिनसांचे मिश्रण

तिळगुळाचा पाक करून लाडू वळले जातात. एळ्ळू-बेल्लामध्ये पाक नसतो. सडलेले पांढरे तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे या पाच जिनसा कोरड्याच एकत्र केल्या जातात. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते. तथापि तीळ थोडे कमी आणि बाकीच्या जिनसा जवळपास समान, हे प्रमाण नवशिक्यांना सोयीचे पडते.

खरे काम चिरण्याचे असते. खोबऱ्याच्या वाटीची तपकिरी पाठ किसणीने काढून आतील पांढऱ्या भागाचे डाळ्याएवढे तुकडे केले जातात. कठीण गुळाची ढेप अडकित्त्याने किंवा सुरीने तेवढ्याच आकारात कापली जाते. दोन्ही स्वतंत्रपणे दोन-तीन दिवस उन्हात वाळविल्यास गूळ चिकटत नाही आणि खोबरे खवट होत नाही. शेंगदाणे भाजून, साले पाखडून त्यांच्या पाकळ्या केल्या जातात. तीळ मंद आचेवर केवळ तडतडेपर्यंत परतले जातात. सर्व जिनसा पूर्ण गार झाल्यावरच मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात.

संक्रांतीच्या संध्याकाळी हे मिश्रण उसाचे कांडे, केळे, हळद-कुंकू आणि साखरेच्या आकृतीसह ताटात मांडून नातेवाईक व शेजाऱ्यांकडे नेले जाते. या प्रथेस ‘एळ्ळू बीरुवुदु’ असे म्हणतात. अनेक कुटुंबांत नववधूने विवाहानंतरची पहिली पाच वर्षे सुवासिनींना केळी देण्याचा आणि दरवर्षी त्यांची संख्या पाचाच्या पटीत वाढविण्याचा रिवाज आहे. मराठी घरातील हलव्याच्या दागिन्यांप्रमाणेच यातही नव्या सुनेला मान दिला जातो.

साखरेच्या आकृती

ताटातील साखरेच्या पांढऱ्या आकृतींना ‘सक्करे अच्चू’ म्हणतात. ‘अच्चू’ म्हणजे साचा. लाकडाच्या दोन फळ्यांवर हत्ती, घोडा, पक्षी, मासा, देऊळ, तुळशी वृंदावन असे आकार कोरलेले असतात. गुढीपाडव्याची साखरेची गाठी ज्या तत्त्वावर तयार होते, तेच तत्त्व येथे वापरले जाते.

साचे आदल्या रात्री पाण्यात भिजत घातले जातात, त्यामुळे पाक लाकडाला चिकटत नाही. नंतर ते पुसून, फळ्या जुळवून दोऱ्याने घट्ट बांधले जातात. साखरेत तिच्या निम्मे पाणी घालून उकळी आल्यावर थोडे दूध घातले की मळी वर येते. हा पाक कापडातून गाळून घेतला जातो व त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब घातले जातात. एका वेळी थोडाच पाक घेऊन तो आटवतात आणि पांढुरका होऊ लागेपर्यंत घोटून त्वरित साच्यात ओततात. पाक कच्चा राहिला तर आकृती घट्ट होत नाही, अधिक झाला तर तो भांड्यातच थिजतो. ही वेळ घड्याळापेक्षा नजरेने ओळखावी लागते. त्यामुळे हे काम अनुभवी व्यक्तीशेजारी बसूनच शिकले जाते.

हंगामाची भाजी : अवरेकाळू

याच दिवसांत बंगळुरूच्या बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग लागतात. अवरे म्हणजे वाल-पावट्याच्या कुळातील शेंग. मागडी परिसरातील शेंगेला विशेष मागणी असते. थंडी आणि दव यांमुळे शेंगेला येणारा उग्र सुवास हीच तिच्या ताजेपणाची खूण समजली जाते. व्ही. व्ही. पुरम भागातील सज्जनराव चौकाच्या परिसरात अनेक वर्षे ‘अवरेबेळे मेळा’ भरत असे. नंतर तो बसवनगुडी येथील नॅशनल कॉलेज मैदानावर नेण्यात आला. डोशापासून मिठाईपर्यंत अवरेचे अनेक पदार्थ तेथे मिळतात.

सोललेले दाणे काही तास भिजवून, बोटांनी चिमटून साल काढली की ‘हितकिद अवरेबेळे’ तयार होते. कोकणातील बिरड्यासाठी सोललेल्या डाळिंब्यांशी हे काम मिळतेजुळते आहे, मात्र येथे दाण्यांना मोड आणले जात नाहीत.

संक्रांतीचा सर्वांत सोपा पदार्थ म्हणजे अवरेकाळूची हुग्गी. एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी मूगडाळ कोरडी भाजून घ्यावी. तुपात जिरे, मिरे, आले व कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात एक वाटी ताजे अवरेचे दाणे, भाजलेले तांदूळ व डाळ, मीठ आणि सुमारे सहा वाट्या पाणी घालून मऊ शिजवावे. उतरविताना ओले खोबरे घालावे. गोड हुग्गीसाठी दाणे, मिरे व आले वगळून गूळ, वेलदोडा व काजू घातले जातात.

कौदी आणि गोधडी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्याने येथे जानेवारीच्या पहाटे गारठा असतो. शहरातील सर्वांत कमी तापमानाची नोंद, ७.८ अंश सेल्सिअस, १३ जानेवारी १८८४ रोजीची आहे. या दिवसांतील घरगुती पांघरूण म्हणजे ‘कौदी’. उत्तर कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांनी ती सोबत आणली. मराठी माणूस तिला गोधडी किंवा वाकळ म्हणून सहज ओळखतो.

जुनी सुती लुगडी व धोतरे धुऊन, त्यांचे चार ते सहा थर सारखे पसरले जातात. वरच्या थरावर रंगीत तुकडे बसवून कडेकडून मध्याकडे जाड दोऱ्याने धावदोरा घातला जातो. थरांमध्ये हवा अडकून राहिल्याने ऊब टिकते आणि जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे धुतल्यावरही थर सरकत नाहीत. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नसल्याने आतील थरांसाठी सुती कापडच घ्यावे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ व मुंडगोड परिसरात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांच्या ‘कवंदी’ विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावले जातात. या तुकड्यांना ‘फूल’ असे नाव असून, त्यांच्याविना कवंदी उघडी समजली जाते.

हातातले कौशल्य

आज बंगळुरूच्या दुकानांत एळ्ळू-बेल्लाची तयार पाकिटे, साखरेच्या आकृती आणि सोललेली अवरेबेळेही मिळते. नोकरी आणि प्रवास यांत दिवस जाणाऱ्या कुटुंबांना ही सोय आवश्यकच वाटते. पूर्वी खोबरे चिरण्याचे, दाणे सोलण्याचे आणि टाके घालण्याचे श्रम बहुतांशी स्त्रियांवर पडत, हेही विसरता येत नाही. मात्र पाकाची वेळ आणि टाक्याचे अंतर पाकिटावर छापून येत नाही. जिला ते ठाऊक आहे तिच्या हाताखाली कोणी बसले नाही, तर लाकडी साचे माळ्यावर पडून राहतात आणि जुनी लुगडी भांडीवाल्याकडे जातात. घरातील मुलगे, मुली आणि पुरुष यांनी संक्रांतीपूर्वीच्या सुट्टीच्या दिवशी खोबरे चिरण्यास किंवा दाणे सोलण्यास हात लावला, तर एकीवर पडणारे काम हलके होते आणि पुढच्या वर्षी ते जाणणारे हातही वाढतात.